सशांचा कौल

ऑफिसात त्याला सगळे ससोबा म्हणत. नाव ठेवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या टेस्टिंगवाल्या बाईंनी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. माणूस मुळात अबोल, मान खाली घालून काम करणारा. कुणी हाक मारली की आधी चष्मा वर सरकवायचा आणि मग बघायचा.

कंपनी मोबाईलवरचे खेळ बनवायची. त्यातला शेतावरचा एक खेळ बरा चालला होता. गाई होत्या, कोंबड्या होत्या, बदकं होती. ससेही होते, पण नावालाच. कुठलीही जोडी एकत्र ठेवा, पिल्लू आपलं पांढरं, साच्यातून काढल्यासारखं. खेळणाऱ्यांनी तक्रारी करून जीव नकोसा केला, तेव्हा साहेबांनी हे काम त्याच्या गळ्यात घातलं. सशांच्या नवीन जाती आणायच्या आणि पैदास खरी वाटेल अशी करायची.

तो त्यात बुडालाच. लोंबत्या कानांचे ससे आले, राखाडी आले, लांब केसांचे आले. पिल्लाला थोडं आईकडून, थोडं बापाकडून मिळायला लागलं. बायकोशी जेवताना बोलायचा ते सशांच्या रंगांबद्दल आणि केसांबद्दल. तीही हसून म्हणायची, मला सवत आणलीस ती चार पायांची.

मग बुटक्या सशांची पाळी आली. मुठीएवढे, गोल तोंडाचे. मुलांना हेच हवे असतात. पण त्यांच्यात एक मेख असते, ती त्याने वाचून घेतली होती. बुटकेपणाचा गुण एकाच बाजूने आला तर ससा लहानखुरा आणि गोंडस होतो. आई आणि बाप दोघांकडून आला तर ते पिल्लू जगत नाही. जोडी बुटक्यांची असेल तर सरासरी चारात एक असं निघतं. आईबाप मात्र धडधाकट, उड्या मारत असतात.

त्याने तो नियम जसाच्या तसा खेळात घातला. पहिल्यांदा चालवून पाहिला तेव्हा पडद्यावरच्या गवतात तीन पिल्लं वळवळत होती आणि एक निपचित पडलं होतं. टेस्टिंगवाल्या बाई मागे चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"ससोबा, लेकरांच्या खेळात मढी कशाला आणता?"

"खरं तसंच असतं," तो म्हणाला.

त्याच सुमारास बायकोला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात सगळे पाय न वाजवता चालायला लागले. त्याची आई सोबतच राहायची. तिने देवापुढे हात जोडले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि उठताना डोळे पुसले. सून म्हणाली, आनंदाचं पाणी आहे. आईने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की बायकोच्या रक्तात थॅलेसेमियाचा अंश आहे. तिला स्वतःला काही होणार नाही, आजवर कळलंही नव्हतं. पण नवऱ्यालाही तसाच असेल तर बाळाला दोन्हीकडून येऊ शकतो. मग त्या बाळाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं. शक्यता चारात एक. तेव्हा नवऱ्याने या आठवड्यातच रक्त तपासून घ्यावं, कारण पुढे बाळ ठेवायचं की नाही हे ठरवायचं झालं तर दिवस हातात हवेत.

चारात एक ऐकलं आणि त्याला गवतात निपचित पडलेलं ते पिल्लू दिसलं.

"तुमच्या घरात कुणाला असं काही होतं का?" त्यांनी विचारलं.

तो नाही म्हणाला.

होती. त्याची मोठी बहीण होती. हा शाळेत जायच्या आधीच ती गेली. तिचा पांढराफटक चेहरा त्याला आठवत होता, फुगलेलं पोट आठवत होतं, आणि आई तिला पाठुंगळी घेऊन सारखी दवाखान्यात जायची ते आठवत होतं. ती गेल्यावर आईने तिचे कपडे, फोटो सगळं बांधून ठेवलं आणि तिचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बायकोला तर असं कुणी होतं हेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रक्त द्यायला निघाला आणि प्रयोगशाळेच्या दारावरून सरळ ऑफिसात गेला. अजून कुणी आलं नव्हतं. त्याने खेळ उघडला, बुटक्यांची एक जोडी पिंजऱ्यात ठेवली आणि एकदाच चालवली. चारही पिल्लं वळवळत उठली. त्याला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीत मागे रेलून नुसता बसून राहिला.

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, एक जोडी, एकदाच. देवळाच्या पायरीलाही कधी न थांबणारा माणूस सशांकडून कौल घ्यायला लागला. नियम त्यानेच लिहिलेला, कुठला आकडा कुठे पडतो हे त्याला तोंडपाठ. तरी पिल्लं उठेपर्यंत तो पडद्यावरून नजर हलवायचा नाही. आणि रोज चारही उठायची. आजही उठली म्हणजे आपल्यावर कृपा आहे, असं त्याचं मन म्हणायचं. मधूनच एक थंड विचार यायचा की इतके दिवस ओळीने असं होऊ नये. तो विचार तो झटकून टाकायचा. चांगलं चाललंय त्याला कशाला नख लावा.

घरी बायको विचारायची, दिलंस का रक्त? तो म्हणायचा, देतो, कामाचा रगाडा आहे. डॉक्टरीणबाई एकदा चांगल्याच रागावल्या. त्याने उद्याचा वायदा केला. आई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. तिच्या हातून हल्ली भांडी फार पडत.

मग साहेबांना खेळ दाखवायचा दिवस आला. साहेब खुशीत होते. बुटके ससे बघून त्यांनी स्वतःच दोनदा पिल्लं काढली आणि ससोबाची पाठ थोपटून निघून गेले. टेस्टिंगवाल्या बाई वायरी गुंडाळत म्हणाल्या, "बरं झालं, मेलेलं पिल्लू काढलं ते. चाचणीला आलेली मुलं रडायला लागली होती."

"काढलं म्हणजे?"

"अहो, तुम्ही वहिनींना दवाखान्यात नेलंत ना पहिल्यांदा, त्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, बंद करा म्हणून. तुमच्या नियमाला हात नाही लावला हो. पिल्लू मरायचं तेवढं बटण बंद केलंय. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

त्याने जाऊन पाहिलं. बटण बंद होतं. त्याच्या सगळ्या सकाळी ते बंद होतं. त्या पिंजऱ्यात एकही पिल्लू मरूच शकत नव्हतं, आणि तो तिथे रोज जाऊन विचारत होता.

तो तसाच उठला. पिशवी टेबलावरच राहिली. प्रयोगशाळेत पोचला तेव्हा तिथली बाई शटर ओढत होती. त्याच्याकडे बघून ती परत आत गेली आणि सुई घेऊन आली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, दोघंही या. त्यांनी कागद पुढे सरकवला नाही, तोंडानेच सांगितलं. त्याच्याही रक्तात आहे. आता बाळाची तपासणी करावी लागेल, पोटातून सुई घालून. ही खूप आधी व्हायला हवी होती. आता निकाल येईपर्यंत ठरवायला दिवस उरतीलच असं सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, घरात कुणाला होतं का.

"बहिणीला," तो म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाहेर फुटपाथवर त्याने तिला सगळं सांगितलं, बहिणीचं, बटणाचं, सकाळी लवकर जाण्याचं. ती ऐकत चालत राहिली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "सशांना रोज विचारलंस. मला एकदा सांगायचं होतंस रे."

दार आईने उघडलं. दोघांचे चेहरे बघून ती बाजूला झाली. सुनेने चपला काढल्या, पाण्याचा पेला घेतला, आणि न पिताच हातात धरून ती खुर्चीवर बसली.

"आई, तुमच्या मुलीबद्दल मला सांगा," ती म्हणाली. "काही वगळू नका. पोटात आहे त्याच्यासाठी मला कळायला हवं."

आईने मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तिने पदराने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, आणि सुनेसमोर जमिनीवर बसली. दोनदा खाकरली.

"आधी काही कळलंच नाही गं," ती म्हणाली. "गुटगुटीत होती. सगळे म्हणायचे, दृष्ट काढ हिची. मग दूध पिताना दमायला लागली."