ओताईत रम नाही

"ओताई, घेणार का?"

दुबईच्या पलीकडे रास अल खैमात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ उभे. पन्नाशी ओलांडलेले, धिप्पाड, मिशी पिकलेली, आणि हातात गुलाबी कसल्यातरी पेयाने काठोकाठ भरलेला ग्लास. हे बीचवरच्या एका हॉटेलात बारमन आहेत, एवढं वॉचमनने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे माझ्या कानांनी ऐकलं ते असं : "ओ ताई, घेणार का?"

"आम्ही घेत नाही," म्हणून मी दार लावून घेतलं.

"कोण होतं?" नवऱ्याने आतून विचारलं.

"समोरचा बारवाला. भरदुपारी पाजायला आला होता."

पाच मिनिटांनी पुन्हा बेल वाजली. या वेळी त्यांनी साक्षीला बायकोही आणली होती. "अहो, तुम्हाला ताई नाही म्हटलं मी! ओताई, ओताई! ड्रिंकचं नाव आहे. टोंगा बेटावरचं. कलिंगड आहे हो नुसतं, चर्चहून आल्यावर करतो आम्ही." त्यांची बायको भिंतीला टेकून हसत होती. मग मीही हसले आणि ग्लास घेतला. त्या दिवसापासून धोका नको म्हणून त्यांनी मला ताई म्हणणं कायमचं सोडलं. मी वहिनी झाले. त्यांना मात्र सगळी बिल्डिंग आणि हॉटेलचा स्टाफ अंकल म्हणायचा, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

अंकल मूळचे वसईचे. गळ्यात क्रॉस, बोलण्यात मराठी, हिंदी आणि अरबी 'यल्ला' यांची खिचडी. ओताई करायला बसले की त्यांचं सगळं घर स्वयंपाकघरात गोळा व्हायचं. आधी इराणी कलिंगडावर टिचक्या मारून, कान लावून त्याची परीक्षा. मग ते आडवं कापायचं आणि सालातच काट्या-चमच्याने गर ठेचायचा. त्यात किसलेला अननस, ताजा खवलेला नारळ, नारळाचं दूध, लिंबू, चिमूट-दोन चिमूट साखर आणि बर्फाचं पाणी. मिक्सर अजिबात नाही. एकदा मी सहज म्हटलं, "मिक्सरमधून काढलं तर दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तो ज्यूस झाला, वहिनी. हे चावून प्यायचं असतं. मिक्सर लावणार असाल तर माझं नाव घेऊ नका."

हे सगळं त्यांना शिकवलं हॉटेलातल्या एका ढोलवाल्याने. बीचवर रात्री पॉलिनेशियन नाच व्हायचा, त्या ताफ्यात टोंगाचा एक अगडबंब माणूस ढोल वाजवायचा. देवभोळा. रविवारी ढोल वाजवावा लागतो म्हणून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. मग शो संपला की तो स्टाफच्या किचनमध्ये ओताई करून सगळ्यांना पाजायचा. त्याच्या गावी चर्चनंतर, लग्नाला, मयताला मोठं भांडं भरून हे करतात आणि तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळे एकाच भांड्यातलं पितात. म्हणून यात दारू घालायची नाही. ताफ्याचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा जाताना त्याने अंकलकडून तेवढाच शब्द घेतला. अंकलनी तो दिला.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर लोकांना दारू पाजणाऱ्या माणसाने असा शब्द द्यावा, यात काय मोठंसं? मीही एकदा त्यांना चिडवलं होतं. "बाकी सगळ्यात घालतो ना?" ते म्हणाले. "एवढ्या एकात नाही घालणार. बघू कोण घालायला लावतो ते."

लावणारा भेटलाच. हॉटेलात नवा मॅनेजर आला. स्टाफ शिफ्टनंतर काहीतरी गुलाबी पितो आणि बोटं चाटतो, हे त्याने पाहिलं. चव घेतली आणि त्याचे डोळे चमकले. ऐन सीझनच्या तोंडावर त्याने हेड ऑफिसची माणसं बोलावली, बारवर ग्लास मांडले आणि अंकलना ओताई करायला लावली. "हबीबी, वरून एक पेग रम, कडेला छोटी छत्री. नाव ठेवू पिंक सनसेट."

अंकल म्हणाले, "नाव काहीही ठेवा सर. छत्री लावा, झेंडा लावा. रम नाही."

मॅनेजरला तो विनोद वाटला. त्याने स्वतःच बाटली उचलली. अंकलनी ग्लासावर पंजा ठेवला. मॅनेजरने बाटली तिरपी केली, अंकलनी हात काढला नाही, आणि हेड ऑफिसच्या डोळ्यांदेखत रम त्यांच्या हातावरून काउंटरभर पसरली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी उभ्या उभ्या त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते घाबरलेले मुळीच नव्हते. घाबरले मी. त्यांचं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो, बापाचा व्हिसा गेला की बायको-मुलीचा जातो, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आणि त्यांची एकुलती एक मुलगी त्या वर्षी बारावीला होती.

त्या आठवड्यात समोरच्या घरातले आवाज आमच्या हॉलपर्यंत येत होते. बायको म्हणत होती, "परीक्षा होईपर्यंत तरी हात बाजूला घ्यायचा ना! मग काय तो हट्ट करा." मुलगी इथेच जन्मलेली, तिचं सगळं इंग्रजीत. "डॅडी, इट्स जस्ट अ ड्रिंक!"

"जस्ट ड्रिंक आहे, तर त्यांना त्यात एवढी रम कशाला हवी?" अंकलचा आवाज. "मला समजावताय तसं त्यांना समजवा की."

माझा नवरा म्हणाला, "निव्वळ हेकटपणा आहे हा." मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. अहो, आम्ही इथे आलेली माणसं दिवसभर 'येस सर', 'शुअर सर' करून घरी येतो. पासपोर्ट, व्हिसा, घर, पोरांची शाळा, सगळं एका सहीवर टांगलेलं. अशात समोरच्या दारातला एक माणूस नाही म्हणतो आणि त्यावर ठाम राहतो, याचा मला अभिमान वाटला. फार वाटला. हेकटपणा म्हणायचं तर म्हणा.

काँट्रॅक्ट वाढलं नाही. ओळखीच्या एकाने शारजाकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या कँटीनमध्ये त्यांना चिकटवून घेतलं, त्यामुळे व्हिसा टिकला. पगार अर्ध्याहून कमी. काळं जॅकेट आणि बो घालून चकचकीत बारमागे उभा राहणारा माणूस आता पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि मोठ्या किटलीने कागदी कपांत चहा भरायचा. आम्हाला वाईट वाटतंय हे त्यांना दिसायचं आणि त्याचा त्यांना राग यायचा. "तोंड काय पाडता वहिनी? आधी पण ओततच होतो. इथे पिणारे निदान शुद्धीवर असतात."

मध्येच हॉटेलातून निरोप आला होता : सॉरी म्हणा, जुन्या जागी परत या. अंकल उखडले. "मी कशाला सॉरी म्हणू? रम त्यांनी ओतली, हात माझा भिजला. सॉरी त्यांनी म्हणायचं. खलास!"

मुलीची परीक्षा झाली. बऱ्यापैकी मार्क पडले, पुढच्या शिक्षणासाठी तिला मुंबईत प्रवेश मिळाला, आणि तिघं वसईला निघून गेली. निघताना टॅक्सीपाशी ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही मला हेकट म्हटलेलं, दाराआडून ऐकलंय मी." नवरा ओशाळला. अंकलनी त्याला कडकडून मिठी मारली. वर आल्यावर समोरचं बंद दार पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसची पार्टी नेमकी त्याच हॉटेलात ठरली. मेनू उघडला तर पहिल्याच पानावर पिंक सनसेट, फोटोसकट. छत्रीसुद्धा होती. मला जेवण गोड लागेना. बाजूच्या टेबलावर चार ग्लास आले, त्यांनी ते एकमेकांवर आपटले, फोटो काढले. म्हटलं, पाहू तरी काय करून ठेवलंय. मी ऑर्डर द्यायला हात वर केला.

वेटर नेपाळी होता, अर्धे केस पांढरे. मी मेनूवर बोट ठेवताच तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "मैडम, ये मत लीजिए. इसमें रम है, मिक्सर का है. असली वाला पीछे स्टाफ किचन में बनता है, रोज. बोलो तो एक ग्लास लाता हूँ. उसमें रम कोई नहीं डालता. अंकल ने मना किया है."

मी म्हटलं, "अंकल तो चले गए ना भैया. साल हो गया."

त्याने माझ्यासमोरचा मेनू मिटला.

"चले गए, तो?" तो म्हणाला. "मना तो किया है ना."