यादीतली वांगी

काळजी करायला काहीतरी कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या दाजींना पाहिलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. कसबा बावड्यात त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून आहे, मध्ये फक्त कमरेएवढं मेंदीचं कुंपण. त्यामुळे इतक्या वर्षांत मी दाजींशी शंभर वाक्यंसुद्धा बोलले नसेन, पण दाजी मला पाठ आहेत. इतर माणसं दारात दोन जास्वंदी लावतात आणि विसरून जातात. दाजींनी घरामागच्या दोन गुंठ्यांत वांगी, कारली, दोडकी, मिरच्या, कोबी, आळू असं सगळं लावलं आणि झाडागणिक एक काळजी लावली. पाऊस लांबला तर रोपं जळतील आणि आला तर कुजतील. थंडी पडली नाही तर कोबी गड्डा धरणार नाही आणि पडली तर मिरचीचा फुलोरा गळेल. आभाळ आलं की मावा पडणार हे ठरलेलं. आणि एखाद्या सकाळी ऊन छान पडलेलं असलं, वारा नाही, अळी नाही, काहीच नाही, तर दाजी कमरेवर हात ठेवून वर बघायचे आणि म्हणायचे, "आज लईच बरं दिसतंय. ह्ये काय खरं न्हाय."

दाजी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं, सोडायची. कारखान्यातली सगळी भाषा त्यांनी परसात आणली होती. भाजी तोडण्याला ते गाळप म्हणायचे. पाडव्याला गुढी उभी केली की कोळशाचा तुकडा घेऊन न्हाणीच्या मागच्या भिंतीवर वर्षाचं टारगेट लिहायचे. एका वर्षी मी कुंपणावरून वाचलं होतं : "औंदा दोडका मांडवावर. मिरची दोन सऱ्या. कोबी लवकर. कारल्यावर भरवसा ठेवायचा न्हाय." दिवाळीत त्याच भिंतीपुढं उभं राहून ते हिशेब द्यायचे, कुणाला ते कळायचं नाही, आणि प्रत्येक ओळीपुढं कारण लिहायचे. दोडका, उंदीर. मिरची, पानं मुडपली. कोबी, माझी चूक. कारल्यापुढं काहीच नसायचं, कारण भरवसा ठेवला नाही की कारलं भरभरून लागायचं, आणि मग पुढच्या वर्षी भरवसा ठेवावा की ठेवू नये याची काळजी सुरू व्हायची. पाडव्याच्या आधी आक्का भिंतीला चुना मारायची. दाजी म्हणायचे, "पुसलीस व्हय? बरं केलंस. आता नव्या चुका करायला जागा झाली."

कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवावं. दाजींनी मात्र हा नियम वाढवून ठेवला होता. फळाकडे फार वेळ बघायचं नाही, चांगलं आहे म्हणायचं नाही, आणि मोजायचं तर अजिबात नाही. कुणी विचारलं किती लागलेत, तर वेल वाकला असला तरी "हाईत दोन-चार" एवढंच. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस परसात डोकावला आणि सरळ बोट करून म्हणाला, "काका, भोपळा झ्याक धरलाय की." दाजी हातातली झारी टाकून धावले. "बोट मुडप. आदी बोट मुडप, मग बोल." तो माणूस इतका घाबरला की मीटरचा आकडा न लिहिताच गेला. भोपळा चार दिवसांत कुजला. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा दोन्ही हात खिशात घालून उभा होता, आणि त्यानं हळूच विचारलं, "हाय का गेला?" मीसुद्धा तिकडं काही द्यायला गेले तर हात पदरात गुंडाळून जायची. माझ्यामुळं एखादं दोडकं गेलं तर दाजी मला काही बोलणार नाहीत, पण भिंतीवर माझं नाव लिहितील अशी मला भीती होती.

अशा माणसानं यादीत वांगी लिहून घेतली.

आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बसतात, कुणी काय करायचं ते कागदावर उतरवतात, कागदाला हळदकुंकू लावतात आणि सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचतात. एकदा वाचलं की ती यादी. मग त्यातलं अक्षर हलत नाही. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला दाजींच्या एकुलत्या एक मुलीचं, सुमनचं, हुपरीला ठरलं. चांगलं घर, घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. मार्गशीर्षात ती माणसं यादीला आली. आक्कानं परसातल्या वांग्यांची भाजी केली होती, आणि त्या दिवशी ती अशी जमली की मुलाच्या चुलत्यांनी तिसऱ्यांदा मागून घेतली. हेच चुलते यादी लिहायला बसले होते. ते म्हणाले, "पावणं, वांगं कुटलं म्हणायचं ह्ये?"

दाजींना आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "परसातलं की. लग्नातबी हेच घालतो तुमास्नी. समद्या पंगतीला."

चुलत्यांच्या हातात पेन उघडंच होतं. "लिवू?"

"लिवा की."

आत चुलीपाशी आक्काचा हात भाकरीवर तसाच राहिला. मी परातीतलं पीठ उगाच मळत राहिले. बाहेर चुलत्यांनी वाचून दाखवलं, "जेवणातील वांगी मुलीकडच्या परसातील," आणि सगळे बरं म्हणाले. पाहुणे गेल्यावर दाजी सोप्यात सुपारी धरून बसले होते. थोड्या वेळानं ते आक्काला म्हणाले, "अगं, ह्ये मी काय करून बसलो?"

लग्न वैशाखात होतं. म्हणजे पाच महिने, आणि पाचही महिने उन्हाकडे जाणारे. दाजींचं म्हणणं असं, की सुमनचं सासरचं सगळं आयुष्य आता वांग्यांवर उभं आहे. तिच्या बापानं त्या घराला दिलेला पहिला शब्द वांग्यांचा. तोच पडला तर उद्या तिच्या हातून दूध उतू गेलं तरी कुणीतरी म्हणणार, बापाच्या वळणावर गेलीय. आक्का म्हणाली, "असं कुनी म्हणत न्हाय. वांग्यापायी कुनी सुनंला बोलतंय व्हय?" दाजी म्हणाले, "म्हणत न्हाईत. मनात ठेवत्यात. त्ये वाईट."

मग परसातलं सगळं उपटून तिथं वांगी लागली. आळू तेवढा राहिला, तोही कडेला. दाजी कारखान्यातून आले की चहा हातात घेऊन सऱ्यांतून वाकून चालायचे आणि एकेक शेंडा बघायचे. शेंडा मान टाकलेला दिसला की त्यात अळी. ती काढून ते मडक्यात टाकायचे, आणि मडक्यात अळ्या जास्त झाल्या तर काळजी, कमी झाल्या तर बाकीच्या कुठं गेल्या ही काळजी. उन्हाळा लागला तसं पाणी कमी पडू लागलं. मग आमच्या मोरीचं पाणीसुद्धा कुंपणाखालून चर काढून त्यांनी नेलं. रोज सकाळी कुंपणापलीकडून आवाज यायचा, "धाकटे, आज धुणं किती हाय?" मी काय सांगणार? थोडं आहे म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून मी धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायची. "साबण बेतानं," ते म्हणायचे, "त्येला सोसत न्हाय." आमच्या मालकांनी तर त्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंघोळ केली, आणि दोन्ही वेळेला दाजींनी पलीकडून "झाली का?" म्हणून विचारलं.

सुमन या सगळ्यात कुठंतरी होती. ब्लाउज शिवून आले, बांगड्या भरल्या, शेजारणी केळवणाला बोलावून गेल्या. एकदा ती शालू घेऊन परसात आली. "आबा, ह्यो रंग बघा की. बरा दिसंल का मला?" दाजी सरीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ठेव बाई तितंच. माझं हात मातीचं हाईत." ती हसली. "आबा, लग्न माझं हाय का वांग्यांचं?" "वांग्यांचं जमलं की तुझं हुतंयच," दाजी म्हणाले. ती शालू घेऊन कुंपणापाशी मला दाखवायला आली. रंग चांगला होता, डाळिंबी. मी तिला तसं सांगितलं.

लग्नाच्या आठ दिवस आधी झाडं अशी लागली होती की दाजी त्यांच्याकडे बघेनात. "हाईत दोन-चार," म्हणायचे, आणि त्यांचा आवाज घाबरलेला असायचा. आणि मग एका दुपारी वळीव आला, गारांसकट. दाजी घरातून सापडेल ते घेऊन धावले. पोती, ताडपत्री, आणि रुखवतात मांडायच्या नव्या कोऱ्या चादरीसुद्धा. आक्का दारात उभी राहून बघत होती. मी आणि सुमननं चादरींची टोकं धरली. पाऊस गेल्यावर बघितलं तर निम्मी झाडं मोडली होती आणि उरलेल्यांवरची वांगी डाग पडून फुटली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दाजींनी चांगली तेवढी वेचली आणि वजन केलं. एका पंगतीपुरती होती, तीही ओढून-ताणून.

आमचे मालक बाजारात जाऊन दोन डालगी वांगी घेऊन आले. आचारी म्हणाला, "एकत्रच टाकतो की, तेलात गेल्यावर कोण वळखतंय." दाजींनी ते ऐकलं नाही. दोन वेगळी पातेली लावायला सांगितली. परसातली पहिल्या पंगतीला, बाजारची बाकीच्यांना. लग्नात दाजी असे हिंडत होते की बघवत नव्हतं. अक्षता पडल्या तरी त्यांचं लक्ष चुलाण्याकडे. बायका पदर डोळ्याला लावून म्हणत होत्या, "बापाचा जीव हाय. लेक जायची म्हणल्यावर हुणारच." मला खरं माहीत होतं.

दुसरी पंगत बसली, तिच्यात मुलाचे वडील होते. मानपानात त्यांची पहिली पंगत चुकली होती, म्हणजे वाढलेली भाजी नेमकी बाजारची. ते बघून दाजींना राहवेना. ते त्यांच्या पानापुढं जाऊन उकिडवे बसले. मी पाठीमागं मीठ वाढत होते.

"पावणं, एक सांगायचं हाय."

व्याह्यांचा घास हातात राहिला. "काय झालं? पोरीला बरं न्हाय?"

"पोरगी बरी हाय. ह्ये वांगं बाजारचं हाय. यादीत परसातलं लिवलतं. पयल्या पंगतीला पुरलं, मग गारा..." त्यांनी पानातल्या वांग्यांकडं बोट मुडपून दाखवलं. "माझा शब्द पडला बगा."

व्याह्यांनी पत्रावळीकडे पाहिलं. वांगी त्यांनी कडेला सारून ठेवली होती. "पावणं, मी वांगं खातच न्हाय," ते म्हणाले. "माझ्या अंगावर पित्त उटतंय."

"मग यादीत...?"

"तुमी येवड्या हौसेनं सांगितलासा. म्हटलं राहू दे, तुमास्नी बरं वाटतंय. आमच्यात त्ये कुनाच्या ध्यानातबी न्हाय."

पलीकडून चुलते म्हणाले, "मी पयल्या पंगतीला बसलोतो, आता ह्या पंगतीलाबी बसलोय. मला काय फरक कळंना. वाढा हिकडं."

माणसं हसली. दाजीही हसले असं मला वाटलं, कारण ते उठून उभे राहिले आणि वाढप्याच्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी चुलत्यांना स्वतः वाढलं. दुपार कलल्यावर सुमन गाडीत बसली. ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. दाजींच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट जा." गाडी हुपरीच्या रस्त्याला लागली, आणि आम्ही मांडवातली भांडी मोजायला लागलो.

दोन दिवसांनी मी धुणं वाळत घालत होते. पलीकडे दाजी वांग्याची झाडं उपटत होते. एकेक उपटायचं, मुळाची माती झाडायची, ढिगावर टाकायचं. मला वाटलं, आता विचारतील धुणं किती म्हणून. ते सरीच्या टोकापर्यंत उपटत गेले. मग कुंपणापाशी आले.

"धाकटे, सुमी भाजी कंची खायची गं आवडीनं?"

मला पटकन बोलता येत नाही. त्यांच्यापुढं तर नाहीच. मी चिमटा तोंडात धरला होता तो काढला आणि म्हणाले, "घेवडा."

"आपल्यात तर कधी लावलाच न्हाय."

"आमच्याकडं येऊन खायची," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं की हे सांगायला नको होतं.

दाजींनी हातातलं झाड पायावर आपटून माती झाडली. माती केव्हाच झडली होती, तरी आपटत राहिले. "लई मावा पडतोय त्येच्यावर," ते म्हणाले. "म्हणून न्हाय लावला." मग झाड खाली ठेवलं. "पाच म्हैनं घरात हुती की गं पोरगी."

मी मान हलवली.

त्या पावसाळ्यात त्यांनी कुंपणाच्या कडेनं घेवडा टोकला. आखाडाला सुमन माहेरी आली तेव्हा वेल वीतभर होता. शेंगा धरल्या तेव्हा ती परत गेलेली. मावा पडला, दाजींनी राख मारली, पुन्हा पडला. उरल्या त्या शेंगा आक्कानं माझ्या ओच्यात घातल्या, म्हणाली तूच कर, तुझ्या हातची सवय आहे. मी भाजी केली, दाण्याचं कूट घालून, सुमनला लागायची तशी. भांडं उतरवतेय तोवर कुंपणापाशी दाजी येऊन उभे राहिलेले दिसले.

"वाटीभर दे जरा," ते म्हणाले. "बगू, कसली लागती ती."

मी वाटी कुंपणावरून दिली. आत जाऊन बसून खातील असं मला वाटलं होतं. ते तिथंच उभे राहिले आणि हळूहळू सगळी खाल्ली. वाटी कुंपणावरून परत दिली, आणि चांगली झाली होती का, ते मी विचारलं नाही.