मोगरीचे ठोके

ये गं मंगल, अशी जवळ सरक. कागदावर लिहिते आहे, पण तू समोर बसली आहेस असंच धरून बोलणार. आधी तुझा कान पकडते. मावशी मावशी म्हणतेस आणि वर्ष झालं, भातकुलीकडे फिरकली नाहीस. वरून परवा फोनवर हसलीस, "मावशी, अंबादेवी आता गाड्याही दुरुस्त करते का?" हसलीस त्याचं काही नाही. पण रेणूकडून अर्धीच गोष्ट ऐकून हसलीस, याचा मला राग आला. आता पुरती ऐक, मग खुशाल हस.

रेणू, आमची ही नात, दुधाचे दात पडायच्या आधीपासून आम्हा दोघा म्हाताऱ्यांजवळ आहे. तिचे आईबाप पुण्याला कामाला. शेवंतीच्या वाफ्यात वाढलेली पोर, तिला शेतीचंच शिकायचं होतं. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयाच्या दोन याद्या लागल्या, दोन्हींत नाव नाही. चार दिवस पोर नीट जेवली नाही. मग एका संध्याकाळी निरोप आला की एक शेवटची फेरी आहे, उद्या सकाळी अकरा वाजता स्वतः हजर राहायचं. नाव पुकारल्यावर जो नसेल त्याची जागा पुढच्याला. यानंतर काही नाही. म्हणजे वर्ष गेलं, आणि खरं सांगते, पोरीची उमेदच गेली असती.

आमचे हे म्हणाले, घरची गाडी असताना एसटीची वाट कशाला पाहायची? घरची गाडी म्हणजे फुलं वाहून वाहून म्हातारी झालेली आमची व्हॅन. ती गॅसवर चालते. पेट्रोल नुसतं नावाला, टाकीच्या तळाशी दोन लिटर. तो कायदा माझा होता. टाकीत पेट्रोल पडून राहिलं की उडून जातं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि घट्ट धरलं होतं. हे कितीदा म्हणाले, थोडं जास्त टाकू. मी ऐकेन तर शपथ. घरात असो की शेतात, माझ्याच म्हणण्यानं सगळं चालावं ही माझी खोड. देवीपुढेही तेच. रोज पहिली माळ तिला, आणि माळेबरोबर कामांची यादी. अमुक कर, तमुक असं कर. मी मागत नव्हते गं, सांगत होते.

सकाळी निघालो. बडनेऱ्याला गॅस संपत आला आणि गॅसच्या पंपावर ही मोठी रांग. म्हणून पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि गाडी पेट्रोलवर घेतली. मूर्तिजापूर मागे पडलं, चारसहा किलोमीटर गेलो असू, आणि गाडीनं दोन आचके दिले. तिसऱ्याला बंद. किल्ली फिरवली की घर्रघर्र करे, पण पेटे नाही. यांनी बॉनेट उघडलं, वायरी हलवल्या, फुंकर मारली. काही नाही. दोन एसट्या गेल्या, हायवेवर कोण थांबतं? एक मोटरसायकलवाला रेणूला न्यायला तयार होता, पण अनोळखी माणसामागे पोरीला एकटीला बसवायची माझी छाती झाली नाही. घड्याळात साडेनऊ.

मला देवीचा असा राग आला म्हणून सांगू! मनात म्हटलं, इतक्या वर्षांच्या माळा काय वाऱ्यावर गेल्या? तुला आजचाच दिवस सापडला का? ऐकते तरी का तू, की मीच वेड्यासारखी दगडाशी बोलते? हो, असंही मनात आलं. लपवणार नाही. रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. रेणू कागदांची पिशवी छातीशी धरून उभी, रडत नव्हती, ते जास्त लागत होतं. आणि मग बोलायला काही उरलंच नाही. यादी संपली. एवढंच तोंडातून निघालं, "माय, मले आता काहीच सुचून नाही राहिलं. तुयं तू पाह्य." आयुष्यात पहिल्यांदा देवीला काय कर, कसं कर, हे मी सांगितलं नाही.

लगेच आकाश फाटलं असं काही नाही. दहा मिनिटं गेली असतील. एक जुनी मोपेड आमच्या पुढे जाऊन थांबली. मागे दोरखंड, पान्यांची पिशवी, एक ठोकायची लाकडी मोगरी. उतरणारा पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी. आमचे हे तेव्हा गाडीखाली आडवे.

"काका, खाली काय शोधून राहिले? सोनं सांडलं का?"

"थट्टा काहून करता भाऊ, गाडी बंद पडली," हे खालूनच म्हणाले.

"मी गाडीचा मिस्त्री नोहो बरं. अचलपूरले मोटर बांधायचं दुकान हाय माझं. बोअरमधल्या जळक्या मोटरी काढतो, नवी तार भरतो. शफी म्हनतेत मले. इकडं एका वावरात मोटर काढाले चाललो. पन मोटरच्या आवाजातलं थोडं समजते. पोरी, तू किल्ली लाव, गाडी चालू नको करू."

पेट्रोलचं झाकण उघडून त्यांनी तिथं कान लावला. रेणूनं किल्ली लावली. दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "किल्ली लावली का दोन सेकंद घूं असा आवाज याले पायजे. येऊन नाही राहिला." फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला, तो चांगला होता. मागच्या दिव्याचा बारका बल्ब काढला, मागच्या सीटखालचं झाकण उघडून टाकीकडे जाणाऱ्या वायरीला लावला. रेणूनं किल्ली लावली तसा बल्ब क्षणभर लागला आणि विझला. शफीभाई हसले. "करंट येऊन राहिला. म्हंजे वायर बरोबर. टाकीतली मोटरच झोपली."

टाकीत मोटर असते हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं, "बोअरमधल्या मोटरवानीच हे. पान्यात बुडाली तं थंड राह्यते. पानी खाली गेलं अन् ती फिरतच राह्यली का जळते. हिले पेट्रोल तसंच. टाकीत किती ठेवता?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुरीच्या वावराकडे पाहिलं. रेणू हळूच म्हणाली, "दोन लिटर."

"अन् गॅसवर असली तरी हे बिचारी आत फिरतच असंन! उपाशी ठेवून राबवली का मावशी तुमी हिले?"

मला हसूही आलं आणि रडूही. शफीभाई मोगरी घेऊन गाडीखाली शिरले. "लोखंडानं नाही ठोकाचं, ठिणगी उडली तं आपन सगळेच उडून जाऊ. पोरी, मी म्हनलं का किल्ली लाव." टाकीच्या बुडाला हलके ठोके. किल्ली. काही नाही. पुन्हा ठोके, किल्ली. काही नाही. मी झाकणाजवळ कान लावून उभी होते. कितव्या वेळी कोण जाणे, भोपळ्याच्या फुलात भुंगा कोंडावा तसा बारीक आवाज आतून आला, घूंऽऽ. त्या आवाजापुढे मी आपोआप हात जोडले. रेणूनं किल्ली पुढे फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

"आता अकोल्यापर्यंत बंद नका करू. निंघा लवकर," एवढं म्हणून ते हात झाडत मोपेडकडे गेले. मी काही द्यायला गेले तर म्हणाले, "पोरीचं काम होऊ द्या, तेच मले." बोलता बोलता हेही कळलं, की ते नेहमी आतल्या गावरस्त्यानं जातात. त्या दिवशी तिकडच्या नाल्यावर काम निघालं, म्हणून हायवेनं आले. मी सांगते ते एवढंच आहे. त्याचा अर्थ तू तुझा लाव.

अकोल्यात फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रेणू धावत सुटली. मी गुडघे धरत मागून. दारात पोचले तेव्हा आतले साहेब तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होते, आणि आमची पोर, जी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती दारातूनच ओरडली, "हजर! हजर आहे सर!" आतली सगळी पोरं वळून पाहायला लागली. जागा मिळाली गं. दीड तासानं कागद घेऊन बाहेर आलो, तर हे गाडी चालू ठेवून तसेच स्टिअरिंग धरून बसलेले, घामाघूम. पाणी प्यायलाही उतरले नव्हते. तिथल्याच एका गॅरेजमध्ये टाकी उतरवली. आतली मोटर काळी पडली होती. मिस्त्री म्हणाला, ही इथपर्यंत आली कशी?

घरी येऊन पाहतो तर शफीभाईंची मोगरी आमच्याच गाडीत राहिलेली. पुढच्या आठवड्यात मी आणि हे एसटीनं अचलपूरला गेलो. विचारत विचारत दुकान सापडलं. मला मनातून वाटत होतं की असा कोणी माणूस नसेलच. पण होते, तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांत बसलेले, आणि मोगरी पाहून आमच्यावरच खेकसले, "सारं दुकान उलथं केलं हिच्यासाठी! पोराले शिव्या देल्या फुकटच्या!" मग रेणूचं विचारलं, आणि काम झालं म्हटल्यावर डोळे मिटून क्षणभर हात वर केले. त्यांच्या घरून चहा आला, वर त्यांच्या बायकोनं माझ्या गुडघ्यांना लावायचं तेल दिलं.

मंगल, मला चमत्कार नको होता असं नाही. पण नाव-गाव असलेला, रागावणारा, चहा पाजणारा माणूस सापडला तेव्हा माझी श्रद्धा जास्त घट्ट झाली. देवीला माझ्या यादीची गरज कधीच नव्हती. मी गप्प बसेपर्यंत ती थांबली होती, असं मला वाटतं. चूक म्हण, बरोबर म्हण. आता सकाळी माळ घालते आणि घटकाभर नुसती तिच्यापुढे बसते. काही सांगत नाही. मनाला गारवा वाटतो. कधी जुनी खोड उसळते, यादी जिभेवर येते, मग माझंच मला हसू येतं.

रेणू शनिवारी घरी येते आणि मलाच शेवंतीवरची कीड शिकवते. शेवंती आता भरात आहे, सकाळी वाफ्यात उभं राहिलं की पिवळ्या रंगानं डोळे भरतात. एकट्यानं किती पाहायचं? दोन दिवसांची सवड काढ. येऊ का म्हणून फोनवर विचारत बसू नकोस, सरळ ये. भाकरी तुझ्यासाठी गरमच टाकीन.