वरच्या खाचरातलं खत

आमचं खाचर वर, थोरल्या दिरांचं त्याच्या खाली. आमच्या रानशेत गावात रीत अशी, की बांधातली मोरी वरच्याने बुजवायची नाही. पाणी खाली जाऊ द्यायचं. रीत चांगलीच होती, खत येईपर्यंत.

साठ सालानंतर वाणगावला पांढरं खत मिळू लागलं. माझे चांदीचे वाळे मोडून आम्ही एक गोण आणली. ग्रामसेवक बजावून गेला होता, खत टाकलंत की मोरी बुजवा, चार दिवस पाणी हलू देऊ नका. पाणी वाहत राहिलं तर खत त्याच्याबरोबर जाणार. मग रोपाच्या मुळांना काय मिळणार, कपाळ?

मी यांना म्हटलं, "मोरी बुजवा."

"दादाचं पाणी अडवू? लोक काय म्हणतील?"

लोक! मोरी उघडी ठेवून ह्यांनी खत फेकलं. दीर बांधावरच उभे होते. मी पदर ओढून गप्प. थोरल्या दिरांसमोर बाईने बोलायचं नाही, तीही रीतच.

पंधरवड्यात दिरांचं भात हिरवंगार झालं आणि आमचं पिवळं पडलं. लोंब्या आल्या त्या निम्म्या पोचट. होळीआधीच कणगी रिकामी. तेव्हा दीर सूपभर तांदूळ घेऊन आले. "पोरांना उपाशी ठेवू नका. लागेल तेव्हा मागा."

वा रे दाते! माझ्याच खताचा तांदूळ, आणि मला भीक म्हणून! मी त्या भाताला हात लावला नाही. पोरांनी मात्र ताटं चाटूनपुसून ठेवली. आजही आठवलं की अंगाची आग होते.

पुढच्या पावसाळ्यात दिरांनी स्वतः खत आणलं. सकाळीच अंगणात हजर. "वरची मोरी चार दिवस बुजव रे. तुझं पाणी येत राहिलं तर माझं खत खालच्याच्या शेतात जाईल."

म्हणजे कळत होतं! मेलं सगळं कळत होतं!

हे लगेच फावडं घेऊन निघाले. मी पदर मागे टाकला आणि जन्मात पहिल्यांदा दिरांशी बोलले. "भाऊजी, बुजवू मोरी. पण गेल्या साली सुपातून दिलेत ते तांदूळ माझ्या पोरांचेच होते, एवढं कबूल करा."

हे माझ्यावरच ओरडले, "लाज नाही वाटत?" आणि जाऊन मोरी बुजवली. दगड लावून, वर चिखल थापून, अगदी पक्की. थेंब खाली गेला नाही. इतकी चांगली बुजवता येत होती त्यांना.