पुरावाकाकांचं क्रियापद

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरावाकाका म्हणत. तोंडावर कौतुकाने, पाठ फिरली की वैतागाने. ‘आज कालच्यापेक्षा जास्त उकडतंय,’ असं कुणी सहज म्हटलं तरी काका चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, ‘कशावरून?’ असल्या माणसाशी गप्पा कोण मारणार? पण शब्दाचं चरित्र लिहावं तर याच माणसाने.

त्यांचं लाडकं क्रियापद होतं लॅटिनमधलं प्लिकारे, म्हणजे घडी घालणे. या एका आईची लेकरं कुठल्या कुठे गेली. इटालियनने घडी तेवढी सांभाळली. स्पॅनिशमध्ये त्याच घराण्यातलं क्रियापद ‘पोचणे’ झालं आणि रुमेनियनमध्ये चक्क ‘निघून जाणे’. सख्ख्या घरात एक येतोय, एक जातोय! पोचण्याचा माग काकांनी काढला होता. या क्रियापदाचं एक जोडरूप जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी वापरत, ते जुन्या ग्रंथांत मिळत होतं. जाण्याचा माग मात्र लागेना. अर्धी हयात घालवून काकांनी नोंदीत तिथे लिहिलं, ‘कारण अज्ञात.’ हे लिहिताना त्यांचा जीव तुटला होता.

नव्या संपादकसाहेबांना अज्ञात काही चालत नसे. छापखान्यातून नोंदीचा तपासायचा कागद आला तेव्हा त्या जागी एक गुळगुळीत वाक्य बसलं होतं: ‘सैनिक तळ हलवताना तंबूंच्या घड्या घालत, म्हणून घडी घालणे म्हणजे निघणे.’ घासात केस लागावा तसा काकांचा चेहरा झाला.

“हे कुणी घातलं?”

“मीच,” साहेब म्हणाले. “छान आहे की नाही? लोकांना गोष्ट लागते हो.”

“हा कुणाचा तरी अंदाज आहे. अंदाज म्हणून छापा, माझी ना नाही. पण असंच घडलं म्हणून कसं छापता?”

“मग काय, तंबू उभेच्या उभे डोक्यावर घेऊन जायचे?”

खोलीतली सगळी मंडळी फिदीफिदी हसली. यातल्या प्रत्येकाला ते वाक्य पोकळ असल्याचं ठाऊक होतं, आणि हसण्यात एकही मागे नव्हता. काकांना वाक्यापेक्षा त्या हसण्याची शिसारी आली.

छापण्याआधी प्रत्येक नोंद सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची, ही कचेरीची जुनी रीत होती. नोंदीखाली ज्याची आद्याक्षरं, त्याने वाचायचं. ऐकणाऱ्या कुणीही ‘कुठे?’ असं विचारलं की त्याने ग्रंथ आणि पान दाखवायचं. नाही दाखवलं तर वाक्य तिथल्या तिथे कापायचं, मग ते खुद्द साहेबांचं का असेना. फक्त स्वतःच्या नोंदीला ‘कुठे?’ विचारता येत नसे. म्हणजे काकांनी ती थाप स्वतःच्या तोंडाने वाचायची आणि मूग गिळून बसलेल्या मंडळींकडे आशेने बघायचं.

काकांनी पेन काढलं आणि नोंदीखालची आपली आद्याक्षरं खोडली. इतक्या वर्षांचं काम आता त्यांचं राहिलं नाही. पण आता त्यांना प्रश्न विचारता येणार होता.

“जशी मर्जी,” साहेब म्हणाले आणि कागद शेजारच्या टेबलावर सरकवला. “तुम्ही घ्या ही नोंद.”

शेजारच्या टेबलावर काकांची भाची बसायची. काकांनीच तिला या कामाला लावलं होतं. तिची नोकरी अजून कच्ची होती; पक्की करणं साहेबांच्या हातात. तिने मामांकडे न बघता आद्याक्षरं घातली.

वाचनाच्या दिवशी ती उभी राहिली. घडी झाली, पोचणे झालं, मग तंबू आले. काका थांबले. कुणीतरी विचारेल म्हणून थांबले. एकाला नखं दिसायला लागली, दुसऱ्याला चहाचा कप.

“कुठे?” काकांनी विचारलं.

भाचीने साहेबांकडे पाहिलं.

“मामांच्या टिपणांत आहे,” ती म्हणाली. “जुन्या. मी स्वतः वाचलंय.”

खोलीभर माना डोलल्या. काकांच्या टिपणांत असेल तर प्रश्नच मिटला! पुरावाकाकांचं नावच आता पुरावा झालं होतं. ही पोर त्यांच्या मांडीवर वाढली होती. आता नुसतं गप्प राहिलं की तिची नोकरी पक्की. तोंड उघडलं तर भरल्या खोलीत ती खोटारडी ठरणार. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत विनवणी होती. त्या विनवणीचीही त्यांना किळस आली, आणि आपल्याला ती यावी याची त्याहून जास्त.

“माझ्या टिपणांत असं काही नाही,” काका म्हणाले. “मी हे कधीही लिहिलेलं नाही.”

वाक्य कापलं गेलं. रीत ती रीत. साहेबांनीच लाल रेघ मारली, आणि मारताना भाचीकडे असं पाहिलं की पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळी ती जिन्याशी उभी होती, पर्स छातीशी घट्ट धरून. काका जवळ गेले तशी ती बाजूला सरकली.

“बरोबर तुमचंच होतं, मामा,” ती म्हणाली. “आता आईला घरी जाऊन तुम्हीच सांगा.”