खिळ्यावरची पिन

१९९६ साल. माझं वय तवा साठ. शाळा चौथीपर्यंत, पण विहिरीवरची मोटर मी स्वतःच्या हातानं खोलतो अन् बांधतो, त्याला दुसऱ्याला बोलवत न्हाई. भूत, बाधा, वारं... असलं मी कधी मानलं न्हाई, आजबी मानत न्हाई. ह्या पानावर लोक लिहितात ते वाचून मला हसू येतं. पण एक गोष्ट माझ्याच घरात, भर दुपारी, माझ्या डोळ्यासमोर झाली. झाली तशी सांगतो.

गाव आमचं अंबड तालुक्यात. इकडचं ऊन काय चीज हाय ते इकडच्याला सांगायला नको. घराच्या मागच्या खोलीला एक खिडकी. खिडकीबाहेर अंगणात अँगलच्या स्टँडवर पत्र्याचा कूलर, तोंड आत. त्याची वायर खिडकीतून खोलीत, बोर्ड आत. अन् बोर्डाखाली भिंतीत एक खिळा.

तो खिळा माझ्या मंडळीनं ठोकलेला. कूलरमधी पाणी टाकायचं म्हणलं की ती आधी आत जाणार, बोर्डातली पिन काढणार, वायरचे दोन वेढे खिळ्याला मारून पिन वर खोचणार, मंग बाहेर येऊन पाणी.

"अगं, बटन दाबलं की झालं. एवढी यात्रा कशाला?" मी म्हणायचो.

"बटनाचा काय भरवसा? तुम्ही तुमचं बघा."

मी चालू कूलरमधीच बकेट ओतायचो. अनवाणी. कधी काही झालं न्हाई.

त्या वर्षी थंडीत ती गेली. अन् चैत्रात आमची एकुलती एक पोरगी, सुमन, बाळंत झाली. तिला जुन्या जालन्यात दिलेली, सासरी कापडाचं दुकान. विहीणबाई म्हणल्या, "आई न्हाई आता तिची. बाळंतपण आम्हीच करतो." मी म्हणलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, बाप जित्ता हाय अजून. माझी थोरली बहीण आक्का, ती आली मदतीला. तरी विहीणबाईंचा निरोप आलाच – बाळाला बघायला येते, अन् खोली तापत असंल तर दोघांला त्याच दिवशी सोबत घेऊन जाते.

मी कूलर आधीच तयार केल्ता. टाकी खरवडून धुतली, तळाला डांबर फासलं, तिन्ही जाळ्यांत नवं गवत भरलं. खोली अशी गार पडायची की आक्का दुपारीसुद्धा गोधडी मागायची.

विहीणबाई यायच्या त्या दुपारी सुमन आत बाजेवर बाळाला घेऊन झोपलेली. आक्का अंगणात माझ्या समोर तांदूळ निवडत बसलेली. घरात चौथं माणूस न्हाई. टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून मी बकेट उचलली... अन् कूलर बंद.

वाटलं लाईट गेली. पण पडवीतला बल्ब चालू. आत जाऊन बघतो तर पिन खिळ्यावर. दोन वेढे मारून वर खोचलेली.

"सुमे, पिन तू काढली?"

पोरगी दचकून उठली. "दादा, मी झोपलेली. हात तरी पुरतो का माझा बाजेवरून?"

मी पिन लावली, बाहेर आलो. बकेटीला हात घातला न घातला, पुन्हा बंद. पुन्हा पिन खिळ्यावर. बाळ घामेजून कुरकुर करून राह्यलं अन् जालन्याच्या गाडीचा टाइम होत आलेला. माझं डोकं सटकलं.

"आक्के, ऊठ! बोर्डाजवळ बस. कोण पिन काढतं बघू."

"मला कशाला रे दत्तू तुझ्या करंटाजवळ बसवतो?" पण बसली.

मी पिन लावली, बाहेर येऊन बकेट उचलली. कूलर बंद.

"आक्के!"

आक्का खिडकीतून बोलली, पण आवाज लई हळू. "बाळ रडलं म्हणून तिकडं मान वळवली रे... तेवढ्यात. मी हितंच हाय. कोणी आलं न्हाई, गेलं न्हाई." मंग म्हणली, "असा गाठीसारखा वेढा कोण मारायचं, तुला ठावं हाय."

मी म्हणलं, गप बस. बंद तर बंद, बंदच भरतो. दोन बकेटी ओतल्या अन् तेवढ्यात विहीणबाई अंगणात हजर.

पाव्हण्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत. आक्कानं तांब्या दिला. विहीणबाई अंगानं भारी. एक पाय उचलला, तोल गेला, अन् त्यांनी ओल्या हातानं कूलरचा पत्रा गच्च धरला. तशाच दोन्ही पाय धुतले.

आत येऊन म्हणल्या, "काय व्याही, कूलर दाखवायला ठेवला का? बंद कशामुळं?"

मी ताठ मानेनं म्हणलं, "पाणी भरताना पिन काढून ठेवायची आमच्या घरात पद्धत हाय. लेकराबाळांचं घर हाय."

आक्का तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघत राह्यली.

विहीणबाईंनी बाळाला हात लावला, ओल्या जाळ्यांकडं बघितलं. "आमच्याकडं कोणी इतकं बघत न्हाई. बापे चालू कूलरमधीच पाणी ओततात. राहू द्या पोरीला सव्वा महिना. हितं बराबर हाय."

चहा पिऊन त्या परतीच्या गाडीनं गेल्या. राहिलेलं पाणी भरून मी मंग पिन लावली, कूलर सुरू. पुन्हा बंद पडला न्हाई. आक्का म्हणली, "दत्तू, एकदा टेस्टर लाव त्याला."

तिला खोटं पाडायला म्हणून मी मोटरच्या पेटीतला टेस्टर आणला, पायात चप्पल घातली, अन् पत्र्याला लावला. टेस्टर भक्कन पेटला. सगळा पत्रा, स्टँडसुद्धा करंटात! उघडून बघितलं तर पंपाची वायर नव्या गवताच्या जाळीत दाबून, घासून घासून सोललेली, तांबं थेट पत्र्याला टेकलेलं. विहीणबाईंनी ओल्या हातानं धरलेली जागा तीच.

वायर मी त्याच वक्ताला बदलली. कूलरचं कारण मला समजलं. पिनेचं न्हाई समजलं. ढिली पिन खाली गळून पडंल, खिळ्याला वेढे मारणार न्हाई. सुमनला आजबी इचारा, ती लेकराची शपथ घेती. मी भूत मानत न्हाई म्हणलं ते म्हणलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरायची होती. बकेट अंगणात ठेवली अन् आधी आत गेलो. मंडळी ठेंगणी, खिळा तिच्या हाताला ठोकलेला, माझ्या कमरेच्याबी खाली. सुमन बाजेवरून बघत होती. म्हणली, "दादा, खिळा वर ठोकून घ्या की, वाकावं लागतंय."

"राहू दे तिथंच," म्हणलं. वाकलो, दोन वेढे मारले, पिन खोचली, अन् मंग पाणी भरलं.