यादीत न आलेल्या अकरा बायका

रेश्मा गेली त्याला आज वर्ष झालं. आन् मी तिला एकदा फार वाईट बोलले होते.

मूळची दौंडची. शिक्रापूरला आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायची.

मी घरभर पंखे बंद करत फिरायचे, आन् ही लॅपटॉप लावून बसलेली.

"काकू, पंख्यापेक्षा कमी लाईट खातो हो हा."

"खातो ना पण? मग झालं."

खंडेनवमीला विळा, कोयता, शिलाई मशीन पूजेला मांडलं, तिथंच तिचा लॅपटॉप ठेवला. वर झेंडूचं फूल.

"काकू, आता प्रोग्रॅम अडला तर देवालाच सांगते!"

आमच्या बायकांच्या दूध डेअरीचं रजिस्टर मी लिहिते. त्या वर्षी शिरूरच्या ऑफिसातून निरोप आला, सभासदांची यादी कॉम्प्युटरवर करून सोमवारी इथं द्या. जिचं नाव यादीत नाही, तिचं दूध एक तारखेपासून घेणार नाही.

रेश्मानं रविवारची सुट्टी त्यात घातली. सगळं रजिस्टर स्वतः टाईप केलं. प्रिंट काढली.

मी सवयीनं रजिस्टर घेऊन एकेका नावावर खूण करत गेले.

पाहिजेत चौसष्ट. निघाली त्रेपन्न.

अकरा बायका नाहीत. त्या अकरांत मीपण.

"नावं आत आहेत काकू. माझी क्वेरी, म्हणजे यादी मागणारा हुकूम, त्यांना बाहेर आणत नाहीये. मी पायथॉनमध्ये लिहिते, त्याचं मागच्या मागं डेटाबेसच्या भाषेत भाषांतर होतं. ते काय होतंय ते बघू."

स्क्रीनवर ओळीच्या ओळी आल्या. एकेक अट काढून बघितली, स्पेलिंगं बघितली. दोन तास गेले. अकरा ते अकराच.

शेवटी म्हणाली, "काकू, ती नावं वाचा बरं मोठ्यानं. त्यांच्यात सारखं काय आहे बघू."

मी वाचायला लागले. पाचव्या नावाला माझ्या ध्यानात आलं.

सगळ्या विधवा.

मला काय झालं कुणास ठाऊक. दूध घालून आलेली हौसाबाई दारात उभी होती, तिच्यादेखत मी तोंड सोडलं.

"हळदीकुंकवाला न्हाई, ओटी भरायला न्हाई. आता तुझ्या कॉम्प्युटरलाबी आम्ही चालंना झालो व्हय गं? तुला काय कळणार म्हणा, तुझ्या घरी सगळं भरलेलं!"

"जाऊ द्या की वैनी, लेकरू हाय," हौसाबाई म्हणाली.

रेश्मा स्क्रीनकडं बघत राहिली.

मग हळूच म्हणाली,

"अर्जात नवऱ्याचं नाव विचारतात ना, म्हणून मी बायकांचं एक टेबल केलं आणि नवऱ्यांचं दुसरं. जे हयात नाहीत, तिथं रकाना रिकामा. आणि दोन्ही टेबलं साध्या जॉइननं जोडली. जिची जोडी सापडत नाही, तिची ओळच तो गाळतो. इथं आउटर जॉइन पाहिजे होता, तो जोडी नसली तरी ओळ ठेवतो. चूक कॉम्प्युटरची नाही काकू, माझी आहे."

एक शब्द बदलला.

चौसष्ट.

प्रिंट निघत होती आन् ती ओढणीनं डोळे पुसत होती.

"आता काय झालं? आली ना नावं?"

"पप्पा गेले तेव्हा मी सहावीत होते. मी केलेल्या यादीत माझी आईपण आली नसती."

चार महिने झाले होते तिला राहायला येऊन. मी तिच्या घरचं कधी विचारलंच नव्हतं.

मी चहा ठेवला. आमच्याकडं मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत. नंतरही कितीदा जिभेवर आलं, पण राहिलं.

त्या अकराजणींचं दूध आजही डेअरीत जातं.

पुढं दोन वर्षं ती आमच्याकडंच होती. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत सगळं संपलं.

आज वर्षश्राद्धाला दौंडला गेले होते. तिच्या आईला सगळं सांगितलं, काय बोलले ते पण.

आई म्हणाली, "ठावं हाय मला. तवाच फोन केलावता तिनं. म्हणली, आई, आज काकू लई रागावल्या. बरं झालं रागावल्या, न्हाईतर त्या समद्या विधवा हायेत हे मला कळलंच नसतं, आन् चूक कवा सापडलीच नसती."

मला तिथं बसवेना.

रेश्मा, त्या दिवशी माझं चुकलं गं.

देव तुला त्याच्या पायाशी जागा देवो, बाळा.